आखाजीला कामाचं, कानबाईला ओझं: एमएस असलेल्यांसाठी कूलिंग जॅकेट, खान्देशच्या हवेच्या हिशेबाने

आधी निकाल सांगून टाकू. घरात कुणाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असेल आणि घर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बाजूला असेल, तर पाण्यात भिजवून घालायचं कूलिंग जॅकेट घ्यावं. होळीपासून मृग लागेपर्यंत ते पैसे वसूल करतं. पण ‘बाराही महिने गारवा’ असं काही पाकिटावर वाचून घेत असाल तर थांबा. पावसाळी हवा आली की या जॅकेटमध्ये आणि ओल्या बनियनमध्ये फारसा फरक उरत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यापर्यंत चालत जाऊ देणारं जॅकेट श्रावणात कानबाईला, म्हणजे खान्देशातल्या घरोघरच्या देवीच्या उत्सवाला, नुसतं अंगावरचं ओझं होतं. यात जॅकेटचा दोष नाही, हवेचा स्वभाव तसा आहे. तो समजून घेतला की कोणतं जॅकेट, कधी आणि किती वेळ, हे प्रश्न आपोआप सुटतात.

बाजारात तीन जाती आहेत. पहिली पाण्याची: आत पाणी धरणारा थर, बाहेर जाळीदार कापड. दुसरी बर्फाची: खिशांमध्ये फ्रीजरमधले जेलपॅक. तिसरी फेज चेंजची: विशिष्ट तापमानाला वितळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाच्या पट्ट्या. सगळ्यात स्वस्त पाण्याची, सगळ्यात महाग फेज चेंजची. इथे मुख्य परीक्षण पहिल्या जातीचं आहे, कारण खान्देशच्या उन्हाळ्यात तीच सगळ्यात जास्त उपयोगी आहे. बाकीच्या दोघींचंही पुढे येईल.

एमएसवाल्याला गारव्याची एवढी गरज का, हे घरच्यांनाही नीट कळलेलं नसतं. ‘ऊन तर सगळ्यांनाच लागतं’ हे वाक्य प्रत्येक एमएसवाल्याने ऐकलेलं असतं. या आजारात मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्याची नस यांच्यातल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजाग उडालेलं असतं. तशा तंतूतून संदेश कसाबसा जातो. शरीराचं आतलं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो वाटेतच विरतो. मग नजर धूसर होते, पाय फरफटायला लागतो, जीभ जड होते, हातातली वाटी सुटते. विल्हेल्म उथहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली याची नोंद केली, म्हणून याला उथहॉफची लक्षणं म्हणतात. अंग गार झालं की ती बहुतेक वेळा तासाभरात ओसरतात आणि नसेला नवी इजा झालेली नसते. एकेकाळी याच भीतीने एमएसवाल्यांना व्यायामच करू नका म्हणून सांगत. आता उलट सांगतात: हालचाल चालू ठेवा, तापमान सांभाळा. जॅकेटचं काम या दुसऱ्या अर्ध्या भागापुरतं आहे.

आता हवेचा स्वभाव. जॅकेटमधलं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी. तेवढ्याच वजनाचा बर्फ वितळताना फक्त ८० घेतो. म्हणजे पाणी बर्फाच्या सातपट कामाचं, पण उडालं तरच. हवा आधीच दमट असेल तर ते उडत नाही, नुसतं ठिबकतं. मे महिन्यातली दुपार घ्या: ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता. अशा हवेत ओलं कापड २३ अंशांच्या आसपास उतरू शकतं. ऑक्टोबर हीटमध्ये ३५ अंश आणि ४५ टक्के असताना २५-२६. आणि जुलैत ३१ अंश आणि ७५ टक्के असताना जेमतेम २७. मे महिन्यात वीस अंशांचा फरक, जुलैत चारचा. जॅकेट तेच, पाणी तेच.

त्यामुळे जॅकेटच्या आधी दोन साधे भिंतीवरचे थर्मामीटर आणा. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही. एकाच्या बुडाशी सुती कापडाची पट्टी गुंडाळा, पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्ही पंख्यासमोर सावलीत टांगा. दहा मिनिटांनी दोन्ही वाचा. ओल्याचा आकडा म्हणजे तुमचं जॅकेट जास्तीत जास्त किती गार होईल ती हद्द. दोन्हीत दहा अंशांहून जास्त फरक असेल तर जॅकेट घाला आणि कामाला लागा. सहा ते दहा असेल तर सावलीतल्या हलक्या कामापुरतं चालेल. पाचच्या आत आला तर जॅकेट खुंटीलाच राहू द्या. हा ठोकताळा आहे, शास्त्रातला नियम नव्हे. पण मोबाइलवरच्या हवामानापेक्षा जास्त खरा ठरतो. मोबाइल गावाचं तापमान सांगतो, तुमच्या ओसरीचं नाही.

ओसरी आणि शेत यांत किती फरक पडतो, याचं इथलं उदाहरण म्हणजे केळीची बाग. रावेर-यावलकडची बाग मे महिन्यात बाहेरून गारेगार वाटते आणि सावलीही भरपूर असते. पण आत ठिबक चालू, पानांतून बाष्प निघतंय, कडेला शेवरीचं कुंपण वारा अडवतंय. बांधावर मस्त चालणारं जॅकेट आत गेल्यावर थंडावतं, म्हणजे काम करणं थांबवतं. बागेत देखरेख करायची असेल तर कडेकडेने फिरा. आत जायचं तर सकाळी आणि थोड्या वेळासाठी.

घरातल्या कूलरचंही तेच. डेझर्ट कूलर म्हणजे मोठं ओलं जॅकेटच आहे, ते हवेत बाष्प सोडतं. कूलरच्या खोलीत वरून जॅकेट घालून बसणाऱ्याला वाटतं दुप्पट गारवा मिळेल. प्रत्यक्षात जॅकेटचं पाणी उडायला जागाच नसते. कूलरसमोर बसताना जॅकेट काढा, एक खिडकी उघडी ठेवा. एसीच्या खोलीतली हवा कोरडी असते, तिथे जॅकेट चालतं, पण तिथे त्याची गरज कुणाला?

वापरायची पद्धत पाकिटावर दोन ओळींत उरकलेली असते. खरं काम पुढच्या बारकाव्यांत आहे.

अर्धी बादली पाणी घ्या. पहिल्या वेळी जॅकेट दहा मिनिटं बुडवून ठेवा, नंतर दर वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी नको, ते हाताला चटका देतं. जॅकेट गार व्हायला मग उगाच वेळ लागतो. माठातलं पाणी उत्तम. फ्रीजचं पाणी पहिली पंधरा-वीस मिनिटं सुख देतं, पुढे फरक राहत नाही. जॅकेट फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका. आत फुगलेला जेल गोठून टोकदार होतो आणि शिवणी कापतो. बाहेर काढल्यावर पिळू नका. दोन्ही तळव्यांमध्ये दाबत दाबत वरून खाली या. मग जाड हँगरवर न्हाणीत दहा मिनिटं टांगा आणि आतलं अस्तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

ही दहा मिनिटं वाचवायचा मोह होतो आणि नेमका तिथेच घात होतो. एमएसमध्ये तोल आधीच डळमळीत, पाऊल उचललं जात नाही, त्यात जॅकेटमधून ठिबकलेलं पाणी गुळगुळीत टाइल्सवर. जॅकेटने आराम मिळायच्या ऐवजी खुब्याचं हाड मोडून घ्यायची पाळी येते. घालायची जागाही ठरवून ठेवा: खुर्चीत बसून, पायाखाली पोतं किंवा रबरी पायपुसणं. कोरडं जॅकेट साधारण अर्धा किलोचं, भिजल्यावर सव्वा ते पावणेदोन किलो. ज्याचे खांदे लवकर थकतात त्याला हे वजन जाणवतं. अशांनी लांब जॅकेट पाहण्याऐवजी आखूड, कमरेच्या वर थांबणारं घ्यावं.

पाकिटावर पाच ते दहा तास लिहिलेलं असतं. मे महिन्यातल्या झळांमध्ये, त्यातही दुचाकीवर, त्याच्या निम्म्याहून कमी धरा. वारा जितका कोरडा तितका गारवा जास्त आणि तितकंच पाणी लवकर संपतं. जॅकेट कोरडं झाल्याचं अंगाला लगेच कळत नाही, विशेषतः पाठीवरची संवेदना कमी असेल तर. आणि कोरडं जॅकेट म्हणजे उन्हाळ्यात पांघरलेली गोधडी. तेच थर आता अंगाची उष्णता कोंडून ठेवतात. म्हणून दर तासाला हाताने खांद्याजवळ चाचपा, कारण तिथून आधी वाळतं. सोबत अर्ध्या लिटरची फवारा बाटली ठेवा. खांदे आणि पाठ यांवर मारली की पुन्हा भिजवायला घरी यावं लागत नाही.

दुचाकीवर मागे बसणाऱ्या बायकांची एक नेहमीची गफलत. जॅकेट आत, त्यावर सनकोट, त्यावर स्कार्फ. सनकोटने वारा अडतो, बाष्प आत कोंडतं, अंग चिकचिकतं आणि मग ‘काही उपयोग नाही त्याचा’ असा शेरा मिळतो. सनकोट आत, जॅकेट वर. विचित्र दिसतं खरं, पण रस्त्यावर डोक्याला ओला गमछा बांधून हिंडणारे शंभरजण असतात, तुमच्याकडे कोण बघतंय. एसटीत खिडकीची जागा घ्या आणि पाठीला प्लॅस्टिकचा कागद लावा, नाहीतर सीट ओली झाली म्हणून शेजाऱ्याशी धुळ्यापर्यंत वाद.

स्वयंपाकघरात पाण्याचं जॅकेट नको, हे आमचं ठाम मत आहे. बाहेरचं कापड बहुतेक नायलॉनचं असतं, बाजूचे पट्टे लोंबतात, समोर गॅस. शिवाय वरणाच्या आणि भाताच्या वाफेने ओट्याजवळची हवा दमटच असते. भाकरी करायचीच असेल तर मानेभोवती ओलं सुती उपरणं, टोकं मागे खोचलेली, आणि उंच स्टूल.

पाण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे घ्यायला हवा, कारण इथे जॅकेटं खराब होण्याचं मुख्य कारण तेच आहे. बोअरचं पाणी जड असेल तर आतला पाणी धरणारा पॉलिमर, म्हणजे तो जेल, त्यात पूर्ण फुगत नाही. पाण्यातलं कॅल्शियम त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं आणि पाणी शिरायला जागा उरत नाही. दर वेळी पाणी उडतं, क्षार मागे राहतात. महिन्या-दोन महिन्यांत बाहेरच्या जाळीवर पांढरी खपली धरते आणि जॅकेट पापडासारखं कडक होतं. तेव्हा भिजवायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नको. काटकसर म्हणून ते कूलरमध्ये आणि बादलीत ओतायची सवय घरोघरी आहे, पण त्यात क्षार मूळ पाण्याहूनही जास्त असतात. आरओ नसेल तर नगरपालिकेचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बहुधा बरं.

जॅकेट किती पाणी धरतंय, किती उडवतंय हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजता येतं. कोरडं वजन लिहून ठेवा. भिजवून, निथळवून पुन्हा वजन. मग सावलीत पंख्याखाली तासभर टांगून तिसरं वजन. तासात घटलेले प्रत्येक १०० ग्रॅम म्हणजे सुमारे ५८ किलोकॅलरी उष्णता. सावकाश चालणारा मध्यम बांध्याचा माणूस तासाला दीडशे ते दोनशे किलोकॅलरीच्या आसपास उष्णता तयार करतो, तिच्याशी हा आकडा ताडून बघा. त्यातली सगळी अंगातून जाते असं नाही, बरीचशी बाहेरच्या गरम हवेतूनच खेचली जाते. तरी दोन जॅकेटांची तुलना करायला यापेक्षा सोपी कसोटी नाही. नवीन असताना केलेली नोंद जपून ठेवली की पुढच्या वर्षी त्यात किती जीव उरलाय तेही कळतं.

बर्फाच्या जॅकेटबद्दल आम्ही सावध आहोत. आर्द्रतेशी त्याचं देणंघेणं नाही, त्यामुळे श्रावणातही चालतं, पण एमएसमध्ये त्वचेची जाणीव कमी असलेल्या जागी गोठलेला पॅक थेट टेकला तर बर्फाने कातडी जळते आणि माणसाला कळतही नाही. फार गार लागलं की त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतली उष्णता बाहेर यायची उलट अडते. ज्यांच्या पायांत ताठरपणा आहे त्यांचा तो थंडीने वाढतो. घ्यायचंच तर आत जाड सुती टी-शर्ट, आणि दर पंधरा मिनिटांनी आरशात किंवा घरच्यांकडून त्वचा तपासून घेणं. पॅक गोठायला रात्रभर फ्रीजर लागतो. लाइट गेली की गणित बिघडलं.

फेज चेंजचं जॅकेट या दोन्हींपेक्षा शहाणं. पट्ट्या १५ ते २१ अंशांच्या दरम्यान कुठेतरी वितळतात, त्यामुळे त्वचा जळायची भीती नाही. दमट हवेत चालतं, अंग ओलं होत नाही आणि कपड्यांच्या आतही घालता येतं. बर्फ घातलेल्या पाण्यात पट्ट्या अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा घट्ट होतात, म्हणजे फ्रीजर नसला तरी थर्माकोलचा डबा आणि विकतचा बर्फ पुरतो. तोटे दोन. किंमत, आणि वजन: दोन किलोच्या पुढे-मागे, तेही अंगाला घट्ट टेकलेलं असावं लागतं, सैल घातलं तर फुकट. गारवा साधारण दोन तासांचा. कानबाईच्या रात्री घरभर पाहुणे, दिवे, रोटांची चूल आणि बाहेर पाऊस, अशा वेळी उपयोगी पडेल तर हेच. ज्यांना वर्षभर बाहेर पडून नोकरी करायची आहे त्यांनी पाण्याचं घेण्यात पैसे घालवण्यापेक्षा थोडे साठवून हेच घ्यावं. सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक: दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत एमएस आहे, आणि सरकारी आस्थापनेने वाजवी सोय करून द्यावी असं तोच कायदा म्हणतो. टेबलाजवळ पंखा, तळमजल्यावरची खोली, पट्ट्या ठेवायला फ्रीजचा एक कप्पा हे मागायला लाजू नका.

आणि ओला गमछा? अर्ध्या तासाच्या कामाला, कोरड्या हवेत, तो जॅकेटच्या जवळपास पोहोचतो. मान, डोकं आणि दोन्ही मनगटं ओली ठेवली तर आणखीच. फरक पडतो तो वेळेत. गमछा झळांमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत वाळतो. दुकानापर्यंत जाऊन यायचं असेल तर जॅकेटचा खटाटोप कशाला करायचा?

जॅकेट घेतल्यावर काय करायचं, हा खरा मुद्दा. ते घालून भर दुपारी हिंडता येतं असा गैरसमज विक्रेते पसरवतात. जॅकेटचा उत्तम उपयोग व्यायामाच्या आधी आहे. शरीराचं आतलं तापमान पहाटे सगळ्यात खाली असतं आणि दुपारी चार ते सहाच्या सुमारास सगळ्यात वर, अर्ध्या अंशाच्या आसपास फरकाने. म्हणजे संध्याकाळी ‘ऊन उतरल्यावर’ चालायला जाणं हे एमएसवाल्याला दुहेरी महागात पडतं: भिंती तापलेल्या, अंगही वरच्या आकड्यावर. मे महिन्यात पावणेसहाच्या आसपास सूर्य उगवतो. त्याआधी उठून शौच-मुखमार्जन उरकून वीस-तीस मिनिटं जॅकेट घालून पंख्याखाली बसा, बर्फाचा चुरा घातलेलं पेलाभर पाणी सावकाश प्या. मग दहा मिनिटं खुर्चीत बसून चालवायची पायडल सायकल, पाच मिनिटं थांबा, पुन्हा दहा मिनिटं. पंखा समोरच्या बाजूने, मागून नको. सुरुवात पाच-पाच मिनिटांनी केली तरी चालेल. आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवायची.

थांबायचं कधी, यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर वापरा. सायकल अशी ठेवा की बसल्या जागेवरून तारखेचा मोठा आकडा आणि खालची बारीक तिथी दोन्ही दिसतील. सुरुवातीला एका डोळ्याने, मग दुसऱ्याने वाचून घ्या. ज्या मिनिटाला तिथीची अक्षरं पुसट व्हायला लागतील त्या मिनिटाला पायडल थांबवा. पायाची थकवण कळायच्या आधी अनेकांना डोळ्याची नस हा इशारा देते. अर्ध्या-एक तासात तिथी पुन्हा स्पष्ट दिसली तर काळजीचं कारण नाही. अंग गार असूनही, ताप नसूनही, नवी लक्षणं २४ तासांहून जास्त टिकली तर ती उष्णतेची नव्हेत. न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. ताप असेल तर आधी लघवीचा संसर्ग तपासून घ्या, एमएसमध्ये तो वारंवार होतो आणि तापाने जुनीच लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात.

लघवीवरून आठवलं. वारंवार जावं लागतं म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी पिणारे एमएसवाले पुष्कळ. त्यात मूत्राशय शांत ठेवण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन अशा गोळ्या चालू असतात. या गोळ्या घामही कमी करतात. घाम नाही म्हणजे शरीराचा स्वतःचा कूलर अर्धा बंद. अशा माणसाला पाण्याच्या जॅकेटचा फायदा इतरांहून जास्त, कारण ते उसना घाम पुरवतं. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि पाणीही तोडायचं नाही; दर तासाला पेलाभर, बाहेर पडायच्या आधीच्या तासात कमी.

उन्हाळी कामांची आखणीही याच हिशेबात बसते. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड चैत्र-वैशाखातच होणार, त्यातून घरातल्या बाईला ‘तू नुसती बस’ म्हणून बाजूला काढलं की ती खचते. चुलीवरचा घाटा, म्हणजे शिजवलेलं घट्ट पीठ, ढवळणं दुसऱ्याकडे द्या. चुलीची धग, वाफ आणि जोर तिन्ही एकदम त्या कामात येतात. गच्चीवर बिबडे टाकणं मात्र सहाला सुरू करून आठच्या आत जॅकेट घालून, पाटावर नव्हे तर बुटक्या स्टुलावर बसून जमतं. पाटावरून उठताना पाय दगा देतात. जॅकेटचं पाणी बिबड्यांवर ठिबकू नये म्हणून तर निथळायची ती दहा मिनिटं आणखीच महत्त्वाची.

एमएसखेरीज आणखी कुणाला? ज्यांना जन्मतः घामाच्या ग्रंथी नाहीत किंवा फार थोड्या आहेत अशा एक्टोडर्मल डिस्प्लेसियाच्या मुलांना पाण्याचं जॅकेट शाळेत नेण्यासारखं आहे. डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधल्या अशाच एका कुटुंबाचं वर्णन केलं होतं: दात मोजके, अंगावर केस फार थोडे, उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्रास. फॅब्री या आनुवंशिक आजारातही घाम कमी येतो, तिथेही उपयोग आहे. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्येही उष्णतेने स्नायू जास्त थकतात.

पण सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, असेल तर हे कोणतंच जॅकेट नको. नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि ‘ऊन बाधतं’ ही तक्रार तिथेही असते. सिकलसेलमध्ये अंग एकदम गार पडणं हेच वेदनांच्या झटक्याचं निमित्त होऊ शकतं. त्यांना सावली, भरपूर पाणी आणि दुपारचा आराम. बर्फ आणि ओलं जॅकेट नाही. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. आणि उष्माघातावर जॅकेट हा उपाय नव्हे. माणूस बरळतोय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि १०८ ला फोन करा.

घेताना काय बघायचं. सर्जिकलच्या दुकानापेक्षा कारखान्यांना सुरक्षा साहित्य पुरवणाऱ्यांकडे चौकशी करा, भट्टीवरच्या कामगारांसाठी हीच जॅकेटं जातात. ऑनलाइन घेतलं तर भिजवल्यावर परत घेतात का ते आधी वाचा. माप छातीचं घ्या, टी-शर्टच्या मापावर जाऊ नका. साडीवर घालायचं असेल तर पदराची जागा धरून एक माप मोठं. बाजूचे पट्टे वेल्क्रोचे असावेत, पुढची चेन जाड दातांची. चेनच्या टोकाला किल्लीची कडी ओवली की बोटांत जोर नसला तरी एका हाताने ओढता येते. रंग फिका. आतलं अस्तर पाणी न झिरपू देणारं हवं, नाहीतर ब्लाऊज ओला होऊन दिवसभर बसावं लागतं.

वापर झाला की दर वेळी पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळवा. ओलं घडी करून ठेवलं तर दोन दिवसांत बुरशीचा वास धरतं आणि तो जात नाही. आठवड्याला एकदा सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने धुवा. मशीन, ब्लीच, इस्त्री तिन्ही बंद. मृगानंतर ठेवून देताना टांगूनच ठेवा. शिवण उसवून बोटाला बुळबुळीत जेल लागायला लागला की जॅकेट बाद समजा आणि घडी करून कचऱ्याच्या गाडीत द्या. मोरीत धुऊन बघू म्हणाल तर तो जेल नळीत जाऊन फुगतो आणि प्लंबरचा खर्च वेगळा.